जवरीलाल शेठचा दाखला

उकंडरावाने अर्ज सात वेळा लिहिला. पहिल्यावर शाईचा थेंब पडला. दुसऱ्यात 'आपला नम्र' इतकं खाली गेलं की सहीला जागाच उरली नाही. तिसरा बकरीने खाल्ला. चौथ्यापासून पुढे अर्जात काही खोट नव्हती, खोट उकंडरावाच्या जिवात होती. लिहून झाला की त्याला वाटायचं, साहेबलोक ह्या अक्षराला हसतील. नावाला तर हसतीलच. त्याच्या आधीची दोन लेकरं गेली म्हणून मायने त्याला जन्मतःच उकिरड्यावर लोळवलं आणि नाव उकंडा ठेवलं, म्हणजे यमाची नजर जायला नको. यम फसला, पण वाशीमला डी.एड.ला असताना होस्टेलमधली पोरं काही फसली नाहीत. दोन वर्षं त्याला 'खत' म्हणत होती.

सन चौऱ्याहत्तरचा श्रावण होता. गाव मंगरूळपीरपासून दोन कोसांवर, आणि त्या गावात डी.एड. झालेला पहिला माणूस म्हणजे उकंडराव. तो घोंगडीवर कागद पसरून बसला की घरात कोणी खोकत नसे. त्याचा बाप नानाजी आठ एकरांचा कास्तकार, पण पोराच्या सर्टिफिकेटाला हात लावायचा तर आधी हात धुऊन, धोतराला पुसून, मग दोन बोटांनी कोपरा धरायचा. एकदा त्याने ते उलटं धरून बराच वेळ पाहिलं आणि "बम भारी झालं बाप्पा" म्हणाला. उलटं आहे असं सांगायचा धीर कोणाला झाला नाही.

तर अर्ज होता मंगरूळच्या एका संस्थेच्या शाळेसाठी. तिसरीची नवी तुकडी निघाली होती आणि मास्तरची एक जागा होती. एकच. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत अर्ज कचेरीत पोचायला हवा होता. सोबत सर्टिफिकेटांच्या खऱ्या नकला आणि वर्तणुकीचे दोन दाखले, एक कॉलेजच्या प्राचार्यांचा आणि एक 'परिसरातील प्रतिष्ठित व्यक्तीचा'.

प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला तसा खिशात होता. सरपंच हरिसिंगने तो उभ्याउभ्या दिला होता. कोऱ्या कागदाच्या तळाशी सही ठोकली आणि म्हणाला, "वर काय लिवाचं ते तूच लिव. चांगलंच लिवजो." पण हरिसिंगचा दाखला म्हणजे देवळातला प्रसाद, हात पुढे करील त्याच्या हातावर पडायचा. ह्या एका जागेसाठी अर्ज करणाऱ्या पंचक्रोशीतल्या चार पोरांकडे तोच होता. मग गावच्या म्हाताऱ्या हेडमास्तरांनी उकंडरावाला बाजूला घेतलं. म्हणाले, "नव्वद अर्ज येतील. संस्थेचे अध्यक्ष नव्वद दाखले वाचत नाहीत. पण जवरीलाल शेठचा कागद दिसला तर तो मात्र वाचतील. जन्मात दोनच दाखले दिलेत त्या माणसाने."

जवरीलाल शेठचं मंगरूळला कापडाचं दुकान. जैन माणूस, साठीला आलेला, पांढरी बंडी, पांढरं धोतर. त्याची ख्याती अशी की गिऱ्हाईक लुगड्यावर हात ठेवून उभं असलं आणि त्याचा रंग कच्चा असला, तर शेठ आपण होऊन सांगायचा, "बाई, हा रंग दुसऱ्या धुण्याले जाईन." शेजारचे दुकानदार कपाळावर हात मारायचे. बायका मात्र दहा गावांहून त्याच्याच दुकानात यायच्या. नानाजीच्या घरातलं वीस वर्षांचं कापड तिथलंच होतं.

मागच्या शुक्रवारी, म्हणजे हातात चांगले आठ दिवस ठेवून, उकंडराव त्या दुकानात गेला. अंगात धुवट सदरा, हातात कागद. दाखल्याचा मजकूर त्याने स्वतःच सुवाच्य अक्षरात लिहून आणला होता, शेठला फक्त सहीचा त्रास. त्याने वाकून नमस्कार केला, ओळख सांगितली, काम सांगितलं.

शेठने चष्मा लावला आणि वाचायला लागला. वाचताना त्याचं बोट एकेका शब्दावर थांबत होतं.

"'यांना मी गेल्या पाच वर्षांपासून ओळखतो,'" शेठने मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं. "बेटा, मी तं तुले आजच पाहून राह्यलो."

"ते... तसं लिवाचंच असते शेठजी. नमुना हाये."

"नानाजीले वळखतो मी. वीस सालापासून. तुले नाही." बोट पुढे सरकलं. "'सुस्वभावी.' तुले राग येते का?"

"येते. कधी कधी."

"मंग सुस्वभावी कसा? 'होतकरू.' हे मी कसं सांगू? होशीन तव्हा दिसन. 'सचोटीचे.'" इथे बोट बराच वेळ थांबलं. "हा लय मोठा शब्द हाये बापा. मी सोताच्या बाबतीत बी नाही लिवनार."

शेठ आपली थट्टा करतोय असं उकंडरावाला वाटलं. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर थट्टा नव्हती. कापडाची दोन टोकं हातात धरून ते उजेडापुढे नेताना त्याचा चेहरा जसा होत असेल, तसाच होता. ह्या माणसाला खरोखरच त्या शब्दांचं वजन जाणवत होतं. उकंडरावाने अख्ख्या डी.एड.मध्ये निबंधांतून 'सचोटी' शंभर वेळा लिहिली असेल, पण लिहिण्याआधी तिच्यापाशी थांबून बघणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"नाही म्हणून नाही राह्यलो मी," शेठ म्हणाला. "माझा नेम हाये. जे पाह्यलं नाही ते लिवाचं नाही. तुझ्या गावाले येऊन पाह्यलं असतं, पण चातुर्मासात मी येशीबाहेर पाय टाकत नाही, तो बी नेमच. तं असं करू. बाजाराच्या दिवशी तुह्या गावचे लोक दुकानात येतात. त्यायले विचारतो. तू बिस्तरवारी ये."

बिस्तरवार म्हणजे गुरुवार. उकंडराव घरी गेला तो हबकूनच. एका कागदासाठी एवढी चौकशी? जगात नोकऱ्या लागत होत्या त्या काय अशा लागत होत्या?

बाजाराच्या दिवशी शेठने शब्द पाळला. गावचं जे माणूस दुकानाची पायरी चढलं, त्याला त्याने कापड दाखवता दाखवता विचारलं, "नानाजीचा पोरगा कसा हाये?"

आता आमच्याकडे एखाद्या बिनलग्नाच्या पोराबद्दल कोणी असं विचारलं की त्याचा अर्थ एकच होतो. गावाने ठरवून टाकलं, स्थळ आलं! शेठ मध्यस्थ आहे, म्हणजे पोरगी कोण्या मोठ्या पाटलाचीच असणार. आणि शंभर वेळा खोटं बोलावं पण एक लग्न जुळवावं, हे तर लहान पोरालाही ठाऊक. ज्या भिवाजीशी नानाजीचं शेताच्या धुऱ्यावरून सात वर्षं बोलणं नव्हतं, त्यानेसुद्धा दुकानात छातीवर हात ठेवून सांगितलं, "पोरगा म्हणजे गाय हाये शेठजी, गाय!" भांडण आपल्या जागी, पण जुळत्या लग्नात मिठाचा खडा टाकण्याइतका भिवाजी हलका नव्हता.

त्या संध्याकाळी शेजारची धुरपताबाई उकंडरावाच्या मायकडे धावतच आली.

"कस्तुरे, पेढे काढ वं! म्या सांगतलं शेठले, पोरगा तोंड वर करून बोलत नाही. खाते बी कमी."

"खाते कमी?" माय म्हणाली. "सा भाकरी खाते थो."

"ते सांगाचं असते काय येडे! अन् शेत म्या बारा एकर सांगतलं."

उकंडरावाने डोकं धरलं. हे लग्न नाही, दाखला आहे, हे त्याने ओरडून ओरडून सांगितलं. धुरपताबाईने ते सगळं ऐकून घेतलं, मायकडे पाहून डोळा मिचकावला आणि म्हणाली, "लाजून राह्यला."

गुरुवारी तो दुकानात गेला तेव्हा दुपार कलली होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शेठची बायको भंवरीबाई आतून पाण्याचा तांब्या ठेवून गेली. शेठसमोर कोरा कागद होता, दौत होती, टाक होता. पाहून उकंडरावाचा जीव भांड्यात पडला.

"सतरा लोकायले विचारलं," शेठ म्हणाला. "सतराही जण एकच बोलले. गाय. त्यायच्यातल्या एकानं सांगतलं की तू गोरा हायेस. आता ते तं मी बी पाहून राह्यलो." इथे तो किंचित हसला. "लोक लग्नाचं समजले. त्यायचा दोष नाही, माह्याच विचारण्यात चूक झाली. मनून ते काही धरता येत नाही. मंग मी इचार केला, की तुलेच विचारावं."

"मले?"

"तुह्याइतकं तुले कोन वळखते? मास्तरकीचं शिकला ना तू दोन साल? मंग त्या दोन सालातली एखादी गोष्ट सांग. चांगली असो का वाईट. पन घडलेली."

उकंडरावाने पटकन चांगली गोष्ट शोधायला सुरुवात केली. ती सापडायला वेळ लागायचं कारण नव्हतं. वार्षिक पाठाला वाशीममध्ये त्याचा पहिला नंबर आला होता. सर्टिफिकेटावर तसा शेरा होता. शेजारच्या रिठदच्या पुढच्या एका खेड्यात तो पाठ झाला होता, भूगोलाचा, 'पावसाचे पाणी कुठे जाते'. साहेबांनी मागच्या बाकावर बसून मान डोलावली होती. तेच सांगावं म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि समोर शेठचे डोळे होते. डोळ्यांत ना संशय ना दबाव. म्हातारा फक्त वाट पाहत होता, जे येईल ते तसंच्या तसं उचलून ठेवायला तयार. आणि उकंडरावाच्या तोंडून आपोआप पुढचं आलं.

"माह्या पाठाले पहिला नंबर भेटला शेठजी. पन त्याच्या आदल्या दिवशी..." तो थांबला. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नीटसं सांगितलं नव्हतं. "पाठाच्या दिवशी साहेब येतात. तव्हा वर्गात जे पोट्टे मागं असतात, त्यायले आदल्या दिवशी सांगाचं असते, की उद्या येऊ नका. आमी समदेच सांगो. त्यानं उत्तरं फटाफट येतात, वर्ग चांगला दिसते. माह्या वर्गात एक पोट्टी व्हती. रंगू नावाची. तिले एक गोष्ट समजाले चारदा सांगा लागे. म्या तिले सांगतलं, उद्या तू येऊ नको."

"मंग?"

"थे नाही आली. दुसऱ्या दिवशी बी नाही आली. मंग आलीच नाही. माहे तिथले दिवस संपले, मी वाशीमले निघून आलो. साल होऊन गेलं."

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली. तिचा आवाज थेट वेशीपर्यंत ऐकू येत राहिला. उकंडरावाची मान खाली होती. आता हाकलणार, असं त्याला वाटलं. ते परवडलं असतं.

"आता थे पोरगी काय करते?" शेठने विचारलं.

"माहीत नाही."

शेठने टाक उचलला होता, तो पुसून परत ठेवला. "मंग मले बी माहीत नाही. अर्धं माहीत असताना मी पुरं कसं लिवू बेटा?"

एवढंच. ना उपदेश, ना 'असं करायला नको होतं'. उकंडराव दुकानातून उतरला. शनिवारला मध्ये एकच दिवस उरला होता. हरिसिंगचा दाखला खिशात तयार होता, तो लावून मोकळं व्हायला कोणाची ना नव्हती. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला नोकरीची आठवणच राहिली नव्हती. 'आता ती काय करते' हा प्रश्न वर्षभरात आपल्याला एकदाही पडला नाही, आणि वेशीबाहेर पाय न टाकणाऱ्या ह्या म्हाताऱ्याला तो तात्काळ पडला, ह्याने तो गांगरून गेला होता.

शुक्रवारी पहिल्या गाडीने तो वाशीमला गेला, तिथून रिसोडच्या गाडीने रिठदला उतरला आणि पुढे कोसभर चिखल तुडवत त्या खेड्यात पोचला. शाळेत गेला नाही. आधी घर विचारलं. घराला कडी होती. मुगाच्या शेंगा तोडायला सगळे वावरात गेलेत, असं कोणीतरी सांगितलं.

वावरात आठ-दहा बाया ओळीने वाकलेल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये एक बुटकी पोरगी त्याने लांबूनच ओळखली. कंबरेला ओटी बांधलेली, ओटीत शेंगा. तिनेही त्याला पाहिलं. आणि एकदम ताठ उभी राहिली. हात मागे घेतले, पाय जुळवले, जशी वर्गात मास्तर आल्यावर उभी राहायची तशी, मुगाच्या वावरात, गुडघाभर हिरव्यात. ओटीतल्या शेंगा खाली सांडल्या, तरी हात मागेच.

"रंगू," उकंडराव म्हणाला. "शाळेत काहून नाही जात वं?"

"तुमीच सांगतलं ना गुरुजी, येऊ नको मनून."

"अवं, थे तं एका दिवसासाठी."

"मंग तुमी कवा येऊ ते सांगतलंच नाही." तिच्या बोलण्यात तक्रारीचा मागमूस नव्हता. हिशेब सांगावा तसं ती सांगत होती. "म्या दोन दिवस शाळेपाशी येऊन उभी राह्यली. तुमी हाक नाही मारली. मंग तुमी गावाले गेले. दुसऱ्या गुरुजीले ठावंच नव्हतं, त्यायनं कसं सांगाव?"

उकंडराव बांधावर बसला. मास्तरने सांगितलेलं ह्या पोरीने वर्षभर पाळलं होतं. शब्द उच्चारून तो विसरला होता, आणि तो शब्द इथे, ह्या एवढ्याशा जिवात, जसाच्या तसा उभा होता. आपल्या शब्दात एवढी ताकद आहे हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. दोन वर्षांत बारा विषय झाले, पण हे राहूनच गेलं होतं. त्याला भीती वाटली, आणि त्या भीतीत काहीतरी असं होतं की माणूस देवळात गेल्यावर चपला काढतो तसं त्याला वाटलं.

"पाठाच्या दिवशी बी आलती मी," रंगू म्हणाली.

"कोठी?"

"भायेर. खिडकीखाली. तुमी आत नको मनले व्हते, मनून भायेरच बसली. आयकला म्या पूर्ण. पानी नाल्यात जाते, नाला नदीत जाते, नदी समुद्रात जाते. समुद्राची वाफ व्हते." मग ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "लय चांगला झाला व्हता गुरुजी तुमचा पाठ."

उकंडराव रडला. बायकांसमोर, उघड्या वावरात, डी.एड. पास झालेला, तेवीस वर्षांचा माणूस. बायका शेंगा तोडायच्या थांबून पाहू लागल्या. रंगूची माय पदर खोचत पुढे आली, कोणी मेलंबिलं की काय असं तिला वाटलं. त्याने डोळे पुसले आणि तिला सांगितलं, चूक माझी झाली बाई, पोरीची नव्हे, तिला आता माझ्याबरोबर शाळेत पाठवा.

"तिचा बाप मने," माय म्हणाली, "मास्तरनंच नाही मनलं तं आपुन काहून धाडाव? तिले काही येत नसन मनून काढली असन. पोट्टी रोज मने, गुरुजी बलावतीन. आमी हासो."

"आता येऊ काय गुरुजी?" रंगूने विचारलं.

"आता ये," उकंडराव म्हणाला. एवढे दोन शब्द बोलायला त्याला दम घ्यावा लागला. "आज बी ये, उद्या बी ये, अन् कोनी नको मनलं तरी ये."

ती चिखलाच्या पायांनी त्याच्या पुढे पुढे चालत शाळेपर्यंत गेली. तिथल्या हेडमास्तरांनी काहीही न विचारता तिचं नाव परत पटावर घेतलं. तिसरीच्या वर्गात, आता तिच्यापेक्षा वर्षाने लहान असलेल्या पोरांत, ती भिंतीला टेकून बसली. उकंडराव दारात उभा राहून पाहत होता. गाडी चुकेल हे माहीत असून पाहत राहिला.

शनिवारी दुपारी तो शेठच्या दुकानात पोचला. दुकानात गर्दी होती. शेठने हातातलं कापड मुनीमाकडे दिलं आणि त्याला गादीवर जवळ बसवलं. उकंडरावाने सगळं सांगितलं. खिडकीचंही सांगितलं. भंवरीबाई आतल्या दारात येऊन उभी होती, ती पदराने डोळे टिपत आत गेली.

"बसली वर्गात?" शेठने शेवटी विचारलं.

"बसली."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

मग शेठ लिहायला बसला. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, टाक दौतीत बुडवायचा, झटकायचा, थांबायचा, एक शब्द लिहायचा. गिऱ्हाइकं खोळंबली. मुनीम चुळबुळला. तिकडे घड्याळाचा काटा चारच्या पुढे गेला, तरी शेठला घाई नव्हती. लिहून झाल्यावर त्याने कागद फुंकून वाळवला, चार घड्या घातल्या आणि उकंडरावाच्या हातात दिला.

"जा. टाइम झाला."

उकंडराव पळतच संस्थेच्या कचेरीत गेला. वाटेत कागद उघडायचा त्याला धीर झाला नाही. खिडकीत धरमसिंग नावाचा कारकून बसला होता. त्याच्या डाव्या हाताला अर्जांची चळत होती, तिच्याकडे पाहूनच कोणाचंही अवसान गळालं असतं.

"दाखले?" धरमसिंगने हात पुढे केला.

उकंडरावाने प्राचार्यांचा दिला आणि शेठचा दिला. धरमसिंगने घड्या उलगडल्या, खालची सही पाहिली आणि खुर्चीत सरळ झाला. "जवरीलाल शेठ?" मग तो वाचायला लागला, कारकून वाचतात तसा भराभरा, अर्धा ओठांत.

"'नानाजीचा मुलगा उकंडराव याला मी आठ दिवसांपासून ओळखतो. त्याच्या आधी ओळखत नव्हतो. तो सुस्वभावी आहे की नाही ते मला माहीत नाही. गावचे सतरा लोक त्याला चांगला म्हणाले, पण ते लग्नाची चौकशी समजून बोलले, म्हणून ते धरू नये.'" धरमसिंगने वर पाहिलं. "हा काय दाखला झाला?"

"वाचा," उकंडराव म्हणाला.

"'मी विचारल्यावर त्याने आपली एक चूक सांगितली. ती मला दुसऱ्या कोणाकडून कळली नसती. पाठाच्या दिवशी वर्ग चांगला दिसावा म्हणून त्याने एका मुलीला येऊ नको म्हटलं, आणि ती मुलगी वर्षभर शाळेत आली नाही.'" धरमसिंगने कागद खाली ठेवला आणि आवाज उतरवला. "भाऊ, तुह्या भल्यासाठी सांगतो. हे असं लेखी अध्यक्षांपुढे ठेवून कोनी नोकरी देते काय? तुह्यापाशी दुसरा दाखला असन तं तो दे. हा मी पाह्यलाच नाही."

हरिसिंगचा दाखला वरच्या खिशात होता. अर्धा बाहेर डोकावतही होता. धरमसिंगची नजर त्याच्यावर गेली. भिंतीवरच्या घड्याळात पाचला दहा मिनिटं कमी होती. घोंगडीवर बसून लिहिलेले सात अर्ज, हात धुऊन सर्टिफिकेट धरणारा बाप, सगळं उकंडरावाच्या डोळ्यांपुढून गेलं. ती एक जागा गेली तर बापाला काय तोंड दाखवणार, हेही गेलं.

"पुरा वाचा," तो म्हणाला. "मी बी आयकला नाही अजून."

धरमसिंगने निःश्वास टाकून कागद परत उचलला. पण आता तो सावकाश वाचत होता.

"'शुक्रवारी तो तिच्या गावी गेला आणि तिला परत वर्गात बसवून आला. हे मी पाहिलेलं नाही. चातुर्मासात मला वेशीबाहेर जाता येत नाही.'" धरमसिंग थांबला. पुढची ओळ त्याने आधी मनात वाचली, मग परत वाचली, आणि त्याचा आवाज बदलला. "'त्याने सांगितलं म्हणून लिहितो.'"

खाली सही होती. बाकी काही नव्हतं.

"शेठजीनं लिवलं हे?" धरमसिंग म्हणाला. "न पाह्यलेलं?"

उकंडरावाने खिडकीतून वाकून ती ओळ पाहिली. ज्याने सतरा माणसांची साक्ष बाजूला ठेवली, 'सचोटी'वर ज्याचं बोट हललं नाही, त्या माणसाने आपला नेम मोडला होता, आणि तो मोडायला उकंडरावाचा नुसता शब्द पुरला होता. कालपर्यंत जो शब्द एका पोरीला शाळेबाहेर बसवून विसरून गेला होता, तोच शब्द.

"मंग?" धरमसिंगने विचारलं. ह्या वेळी तो 'तुमी' म्हणाला. "तुमीच सांगा गुरुजी. लावू का हा?"

उकंडरावाने खिशातला हरिसिंगचा दाखला आत ढकलला.

"लावा," तो म्हणाला. "सगळ्यात वर लावा."